झाडाच्या कलाने

झाड जाड होते ते बाहेरच्या अंगाने. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियम नावाचा जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला साल. थंड प्रदेशात वसंत ऋतूत वाढीला जोर असतो, तेव्हा मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या पेशी बनतात. उन्हाळा सरताना बनणाऱ्या पेशी लहान आणि जाड भिंतींच्या असतात. फिकट आणि गडद पट्ट्यांची ही जोडी म्हणजे एका वर्षाचे वलय. महाराष्ट्रात सागाच्या ओंडक्यावर अशी वलये स्पष्ट दिसतात, कारण साग कोरड्या महिन्यांत पाने गाळून वाढ थांबवतो. आंब्याच्या खोडावर ती ओळखणे अवघड जाते.

वाढीच्या या रीतीतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की जुने लाकूड जागचे हलत नाही. यंदाचे लाकूड गेल्या वर्षीच्या झाडावर मोज्यासारखे चढते. त्यामुळे साठ वर्षांच्या झाडाच्या पोटात तेच झाड दहा वर्षांचे असताना जसे होते तसे, फांद्यांच्या बुंध्यांसकट, शाबूत असते. दुसरी गोष्ट जखमेची. माणसाची जखम नव्या त्वचेने भरून येते. झाड जखमी भागाला आतून वेगळे पाडते आणि कडेने नवे लाकूड वाढवत त्याला वेढून घेते. बांधावरच्या जुन्या झाडात रुतून बसलेली कुंपणाची तार अनेकांनी पाहिलेली असते. ती तार झाडाने बाहेर टाकलेली नसते, पोटात घेतलेली असते.

चित्रकारांना झाडाचे वेड फार जुने आहे. त्यांना हवे असते ते झाडाचे रूप: फांद्यांची जाळी, सावलीचे तुकडे, खोडाचा पीळ. डच चित्रकार पीट मॉन्ड्रिअन याने १९०८ ते १९१२ या काळात झाडाचा विषय पुन्हापुन्हा हाताळला. ‘तांबडे झाड’ या चित्रात निळ्या पार्श्वभूमीवर पेटल्यासारखे दिसणारे झाड अजून झाडच आहे. १९११ च्या ‘राखाडी झाडा’त फांद्यांच्या कमानी मोकळ्या जागेशी एकजीव होऊ लागतात आणि १९१२ च्या ‘फुललेल्या सफरचंदाच्या झाडा’त उरतात त्या बहुतांशी वक्ररेषाच. पुढे जगभर ओळखली गेलेली त्याची उभ्याआडव्या रेषांची चौकट या झाडांमधून वाट काढत आली. चार वर्षे एका विषयाला चिकटून राहणे हीदेखील संथ निर्मितीच. पण तिचा वेग चित्रकाराच्या हातात होता. त्याने ब्रश खाली ठेवला की चित्र थांबत असे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस काही शिल्पकारांनी झाडाकडून रूप मागणे सोडले आणि त्याची वाढच कामाला लावली. अशा कामात वेग झाडाचा असतो. कलावंत सुरुवात करून देतो, अधूनमधून हात लावतो आणि बाकीची वर्षे वाट पाहतो.

यातले अगदी सुरुवातीचे आणि आजही सर्वात नेमके वाटणारे काम ज्युझेप्पे पेनोने या इटालियन शिल्पकाराचे. त्याचा जन्म १९४७ चा, उत्तर इटलीतल्या पीडमाँट प्रांतातल्या गारेस्सिओ या डोंगराळ गावचा. १९६८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने गावाजवळच्या रानात एका कोवळ्या झाडाचे खोड मुठीत धरले. मग आपल्या हाताची धातूत ओतलेली प्रतिकृती त्याच जागी, तशीच मूठ आवळलेली, झाडावर बसवली आणि तो निघून आला. कामाचे नावच त्याचे पूर्ण वर्णन आहे: ते झाड वाढतच राहील, फक्त त्या एका जागी सोडून. पुढे झाड मुठीच्या वर आणि खाली फुगत गेले, बोटांच्या कडेने लाकूड चढत गेले. क्षणभराचा स्पर्श झाडाने वर्षानुवर्षे लक्षात ठेवला असे काव्याच्या भाषेत म्हणता येईल. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत, कॅम्बियमला एका जागी अडथळा आला आणि त्याने वळसा घेतला. पेनोनेच्या कामाची ताकद अशी की ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी ठरतात.

त्या काळात इटलीत ‘आर्ते पोवेरा’, म्हणजे ‘गरीब कला’, ही चळवळ सुरू होती. समीक्षक जेर्मानो चेलान्त याने १९६७ साली तिला हे नाव दिले. संगमरवर आणि ब्राँझ या मानाच्या सामग्रीऐवजी माती, चिंध्या, कोळसा, लाकूड अशा साध्या वस्तू घेऊन काम करणारे कलावंत या नावाखाली ओळखले जाऊ लागले. पेनोने त्यांच्यातल्या सर्वात तरुणांपैकी एक.

१९६९ पासून त्याने जे सुरू केले ते आजही चालू आहे, आणि ते समजून घेण्यासाठी वलयांचे गणित उपयोगी पडते. पेनोने वखारीतली तुळई घेतो. तुळई म्हणजे झाडाचा झाडपणा पुसून काढलेली वस्तू: चार सरळ कडा, चार सपाट बाजू. पण तिच्या टोकाला वलयांच्या कमानी दिसतात आणि अंगावर गाठी. सुतार गाठीला दोष मानतो. गाठ म्हणजे खोडात गाडला गेलेला फांदीचा बुंधा असतो. तो खोडाच्या गाभ्यापाशी सुरू होतो आणि बाहेर येताना जाड होत जातो. पेनोने टोकाकडचे एक वलय निवडतो आणि पटाशीने त्याच्या बाहेरचे सगळे लाकूड काढून टाकतो. त्याच वलयाचा माग धरून तो तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. वाटेत गाठ आली की तिला धक्का न लावता भोवतालचे लाकूड काढतो. हळूहळू सपाट तुळईच्या आत एक सडपातळ झाड उभे राहते. गाठी त्याच्या फांद्या होतात. ते झाड खरोखरच त्या वयाचे, त्या जाडीचे कधीकाळी रानात उभे होते.

इथे घाई करून चालत नाही. वलय सरळ रेषेत जात नाही. कुठे दबते, कुठे फुगते, गाठीपाशी वळसा घेते. पटाशी एका वलयाने जरी खोल गेली तरी एक वर्ष कायमचे निघून जाते. आकार कोणता द्यायचा हे शिल्पकाराने ठरवायचेच नसते, तो आधीच ठरलेला असतो. त्याला वाचायचे असते, आणि वाचनाचा वेग लाकूड ठरवते. लंडनच्या टेट संग्रहालयात असलेले ‘बारा मीटरचे झाड’ हे अशा कामांपैकी एक. ते लार्च जातीच्या लाकडात आहे आणि त्याचे साल १९८०–८२ असे नोंदवले जाते. अशा कामांत पेनोने अनेकदा तुळईचा काही भाग न कोरता ठेवतो, म्हणजे पाहणाऱ्याला वखारीतला माल आणि त्यातून निघालेले झाड एका नजरेत दिसतात.

डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्समध्ये मोठे वादळ झाले. व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेतली हजारो झाडे त्यात पडली. त्यातला एक जुना सीडर, म्हणजे हिमालयातल्या देवदाराचा भाऊबंद, पेनोनेने घेतला. २००० ते २००३ या काळात त्याच्या प्रचंड खोडात त्याने दारासारखी उघडी जागा कोरली. त्या दारातून आत पाहिले की मधोमध त्याच झाडाचे कोवळे रूप उभे दिसते. हे काम आज टोरांटोच्या ‘आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओ’मध्ये आहे. ज्या झाडाखालून पिढ्यानपिढ्या माणसे गेली, त्याचे बालपण पाहण्यासाठी ते आधी पडावे लागले, ही गोष्ट त्या खोडासमोर विसरता येत नाही.

पेनोने झाडाच्या वाढीचा माग मागे मागे काढतो. इंग्रज शिल्पकार डेव्हिड नॅश याने पुढच्या बाजूने सुरुवात केली. नॅशचा जन्म १९४५ चा. १९६७ साली तो उत्तर वेल्समधल्या ब्लायनाय फेस्टिनिऑग या गावी आला. हे पाटीच्या दगडाच्या खाणींचे गाव. शाळेच्या पाट्यांसाठी आणि घरांच्या छपरांसाठी लागणारा दगड इथून निघत असे. तिथे त्याने एक मोठे रिकामे प्रार्थनागृह विकत घेतले आणि तेच त्याचे घर आणि कार्यशाळा झाले. जवळच, काइन-अ-कॉइद नावाच्या रानाच्या तुकड्यात, १९७७ साली त्याने अ‍ॅश जातीची २२ रोपे सुमारे ३० फूट व्यासाच्या वर्तुळात लावली. ती वाकवत वाकवत, पुढच्या शतकात त्यांचा घुमट व्हावा असा बेत होता. कामाचे नाव ‘अ‍ॅश डोम’.

तो काळ शीतयुद्धाचा आणि ब्रिटनमधल्या आर्थिक मंदीचा होता. अण्वस्त्रांच्या सावलीत शतकाची अखेर तरी दिसेल का, असे माणसे उघड विचारत. अशा वेळी एकविसाव्या शतकासाठी रोपे लावणे ही नॅशच्या दृष्टीने श्रद्धेची कृती होती. रोपे आणि भविष्य यांचा हिशेब बहुधा चुकतोच, हेही इंग्लंडच्या इतिहासात आहे. नेपोलियनशी युद्धे चालू असताना आरमारासाठी ओक लागवडीचा मोठा आग्रह धरला गेला. अ‍ॅडमिरल कॉलिंगवुड फिरायला निघताना खिशात ओकच्या बिया घेऊन जात आणि मोकळी जागा दिसेल तिथे पेरत, असे सांगतात. ते ओक जहाजाजोगे होईतो जहाजे लोखंडाची झाली होती. झाडे मात्र उभी राहिली.

नॅशची पहिली रोपे मेंढ्यांनी खाल्ली. मग पुन्हा लागवड झाली, कुंपण आले. अ‍ॅश निवडण्यामागे कारण होते. हे झाड लवचीक. त्याच्या लाकडाचे कुऱ्हाडी-फावड्यांचे दांडे होतात, आणि छाटले, वाकवले तरी ते पुन्हा जोमाने फुटते. वाकवण्याची रीत नॅशने शेतकऱ्यांकडून घेतली. ब्रिटनमध्ये जिवंत कुंपण घट्ट करण्यासाठी बांधावरच्या झाडाचे खोड बुंध्यापाशी बरेचसे कापतात आणि आडवे पाडतात. एका कडेची साल आणि थोडे लाकूड शाबूत ठेवले की झाड मरत नाही, आडवे असतानाच नवे कोंब फेकते. नॅशने हीच युक्ती नाजूकपणे वापरली. खोडाच्या एका बाजूला पाचरीच्या आकाराच्या खाचा घ्यायच्या, खोड त्या बाजूला वाकवायचे म्हणजे खाचा मिटतात, मग ते बांधून ठेवायचे. खाचेच्या दोन्ही कडांचे कॅम्बियम एकमेकांना भिडले की जोड धरतो. कलम बांधणाऱ्या माळ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

यात काम कमी आणि सबुरी जास्त. खाचा घेतल्यावर झाडाला सावरायला काही वर्षे द्यावी लागतात. एकदम फार वाकवले तर खोड मोडते. फार थांबले तर ते जाड होऊन हाताबाहेर जाते. मराठीत ‘कलाने घेणे’ म्हणतात ते इथे अक्षरशः लागू पडते, कारण खोडाचा कल आणि झाडाची मर्जी या दोन्ही गोष्टी एकच होतात. चाळीस वर्षांत त्या २२ खोडांनी एकाच दिशेला झोके घेत, कोपरे करत, वर एकमेकांकडे माना वळवल्या. हिवाळ्यात पाने गळाली की तो नाचऱ्यांचा फेर वाटतो.

‘अ‍ॅश डोम’ त्या रानात नेमका कुठे आहे हे नॅशने जाहीर केलेले नाही. लोकांना तो माहीत झाला तो छायाचित्रांतून आणि नॅशच्या चित्रांतून. नॅश या वर्तुळाची वर्षानुवर्षे, ऋतू बदलतील तशी, चित्रे काढत आला. संग्रहालयांच्या भिंतीवर टांगता येते ते हेच. एक शिल्प वाढत असताना त्याच्या कडेने चित्रांची एक रांग तयार होत जाते, आणि अशा कामात चित्रकाराला बैठक मोडण्याची मुभा नसते.

याच सुमाराचे नॅशचे दुसरे काम ‘लाकडी धोंडा’. १९७८ साली त्याने ओकच्या मोठ्या झाडातून सुमारे चारशे किलोचा ओबडधोबड गोल कापला. तो ओहोळातून वाहत रस्त्यापर्यंत नेता येईल असा विचार होता. धोंडा धबधब्यात अडकला. तो काढण्याऐवजी नॅशने त्याला तिथेच राहू दिले आणि त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. पूर आला की तो काही अंतर सरके, मग वर्षानुवर्षे एका जागी बसे. काळा पडत, घासत, पालापाचोळ्यात बुडत. एखाददुसऱ्या वेळी त्याला हाताने सोडवावेही लागले. २००२ च्या सुमारास तो द्वुरिद नदीत पोचला, पुढच्या वर्षी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात फिरताना दिसेनासा झाला. २०१३ मध्ये तो पुन्हा दिसला आणि काही काळाने पुन्हा गेला. चार दशकांची छायाचित्रे, चित्रे, नकाशे आणि चित्रफिती एवढेच हातात उरले आहे. शिल्पकाराने सुरुवात करून दिली; बाकीचे बहुतेक पाण्याने केले.

झाडाला वळण लावून पिढ्यांच्या हिशेबाने काही घडवणे कलादालनांच्या जगाबाहेर कितीतरी जुने आहे. मेघालयातल्या खासी आणि जैंतिया लोकांचे मुळांचे पूल हे त्याचे सर्वात देखणे उदाहरण. ओढ्याच्या काठावर रबराचे झाड, म्हणजे वडाच्याच कुळातला फायकस इलास्टिका, लावतात. त्याची हवेतली मुळे बांबूच्या सांगाड्यावरून किंवा पोखरलेल्या सुपारीच्या खोडांतून पलीकडच्या काठाकडे नेतात. तिथे ती जमिनीत रुजतात, जाड होतात, एकमेकांवर दाबली गेली की जुळून एक होतात. पूल चालण्याजोगा व्हायला पंधरा ते तीस वर्षे लागतात; पण झाड जगेल तोवर तो दरसाल भक्कम होत जातो. लाकडी पूल मेघालयाच्या मुसळधार पावसात काही वर्षांत कुजतो, हा सारा खटाटोप त्यासाठीच. नाँगरिआत गावचा दुमजली पूल प्रसिद्ध आहे, आणि २०२२ पासून हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. या पुलांवर कुणाची सही नसते. ज्याने मूळ ओढून नेले त्याच्या नातवाने पुलावरून जायचे, एवढा सरळ व्यवहार त्यात असतो. तरीही पानाफांद्यांच्या हिरव्या अंधारात ओढ्यावर झुकलेला तो वळणदार पूल पाहिला, की कला आणि सोय यांच्यात रेघ ओढणे व्यर्थ वाटते.

जर्मन कलावंत योसेफ बॉइस याने झाडांना शहरात आणले. कासेल हे जर्मन शहर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाले होते. युद्धानंतर तिथे समकालीन कलेचे ‘डॉक्युमेंटा’ हे मोठे प्रदर्शन भरू लागले. १९८२ च्या सातव्या प्रदर्शनासाठी बॉइसने संग्रहालयासमोरच्या हिरवळीवर बेसॉल्टच्या ७००० खांबांचा ढीग घातला आणि जाहीर केले की ढिगातला एक दगड हलवायचा तर शहरात एक झाड लावले पाहिजे. दगड त्या झाडाशेजारी उभा राहील. कामाचे नाव ‘७००० ओक’, जरी प्रत्यक्षात ओकबरोबर लिंडन, अ‍ॅश, मेपल अशी इतरही झाडे लागली. शहरात संताप झाला. मोटारी कुठे लावायच्या, असा प्रश्न आला. काही दगडांवर गुलाबी रंग फासला गेला. पैसा उभा करण्यासाठी बॉइसने रशियन झारच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती लोकांसमोर वितळवून तिचा ससा ओतला. पाच वर्षे ढीग कमी होत गेला. जानेवारी १९८६ मध्ये बॉइस वारला. शेवटचे झाड १९८७ साली त्याच्या मुलाने लावले.

या कामातली खरी सूक्ष्मता दगडात आहे. रोप लावले त्या दिवशी दगड त्याच्याहून दांडगा दिसे. दगड वाढत नाही. दरसाल त्या जोडीचे प्रमाण बदलते, आणि आज कासेलच्या रस्त्यांवर कमरेएवढ्या उंचीचा दगड भल्या थोरल्या झाडाच्या पायाशी उभा असतो. शिल्प पूर्ण झाले ती तारीख सांगायची कोणती, असा प्रश्न इथे निरर्थक ठरतो.

स्कॉटिश कलावंत केटी पॅटरसन हिने तारीख सांगितली: २११४. तिच्या ‘भविष्याचे ग्रंथालय’ या कामासाठी २०१४ साली ऑस्लोच्या उत्तरेला नूरमार्काच्या रानात स्प्रूसची एक हजार रोपे लावली गेली. दर वर्षी एका लेखकाने एक अप्रकाशित हस्तलिखित द्यायचे. २११४ पर्यंत ते कुणी वाचायचे नाही. २११४ मध्ये ती झाडे तोडून त्यांच्या कागदावर शंभर पुस्तके छापायची. पहिले हस्तलिखित मार्गारेट अ‍ॅटवुडचे. पुढे डेव्हिड मिचेल, एलिफ शफाक, कार्ल उवे क्नाउसगार्ड अशी नावे आली. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या हान कांग या कोरियन लेखिकेने आपले हस्तलिखित पांढऱ्या कापडात गुंडाळून, ते कापड रानातून ओढत नेऊन सुपूर्द केले. ऑस्लोच्या नव्या सार्वजनिक ग्रंथालयात २०२२ साली या हस्तलिखितांसाठी एक छोटी खोली उघडली. तिच्या भिंती त्याच रानातल्या आधीच्या झाडांच्या लाकडाच्या आहेत, वलयांसारख्या शंभर थरांच्या, आणि प्रत्येक थरात एका हस्तलिखिताचा काचेचा कप्पा आहे. वलय म्हणजे पुस्तकाचे प्रकरण, या एका कल्पनेतून पॅटरसनला हे सारे सुचले. बॉइसच्या झाडांपेक्षा हे काम अधिक रेखीव आणि म्हणून थोडे अधिक बंदिस्त आहे; पण आजच्या लेखकाला आपला एकही वाचक जिवंतपणी भेटणार नाही, ही अट लेखनावर काय परिणाम करते, हा प्रश्न त्याने खरोखर नवा विचारला.

झाडाचा वेग स्वीकारला की झाडाचे मरणही स्वीकारावे लागते. पूर्व आशियातून आलेल्या एका बुरशीमुळे युरोपातले अ‍ॅश मोठ्या प्रमाणावर मरू लागले. पोलंडमध्ये हा रोग १९९२ मध्ये लक्षात आला, ब्रिटनमध्ये २०१२ साली त्याची नोंद झाली. बुरशीचे बीजाणू गळलेल्या पानांवरून हवेत जातात, पानांतून फांद्यांत शिरतात, आणि झाड शेंड्याकडून वाळत खाली येते. उपाय नाही, काही झाडांत मात्र मुळातच प्रतिकारशक्ती असते. ‘अ‍ॅश डोम’मध्येही रोग आला. त्या घुमटाला औषधपाण्याने किंवा आधारांनी तगवत ठेवण्याचा मार्ग नॅशने घेतला नाही. निसर्गाच्या हातून घडलेल्या कामाचा शेवटही निसर्गाकडेच, ही त्याची भूमिका. २०१९ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्याने वाळू लागलेल्या वर्तुळाभोवती आणखी एक वर्तुळ आखले आणि त्यात ओकची २२ रोपे लावली. ओक अ‍ॅशपेक्षा सावकाश वाढतो.